अजून गडद हाय

मॅडम, काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले, आणि आता कुठं हॉल रिकामा मिळाला. फोटोला हार मी घातला, आणि तो तिरपा बसला. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "शेषराव, स्लाइडवर काच सरळ ठेवायला शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि माझ्याच वेळेला तिरकं?" मी शेवटच्या रांगेत, पंख्याच्या बटनांपाशी बसलो. भाषणं झाली. मायक्रोस्कोपच्या एका बल्बसाठी ज्यांनी तुम्हाला चार-चार अर्ज करायला लावले, ते सगळे तुमच्या विज्ञाननिष्ठेवर बोलले. मी मुकाट्यानं ऐकलं. मुकाट्यानं बसायची मला किती तकलीफ होते, ते तुम्हाला माहीत आहे.

मग आपले जुने प्राचार्य उठले. म्हणाले, "मॅडमचा हात म्हणजे सोन्याचा. पण शेवटी शेवटी हात चालेना. सिद्धेश्वर धरणावरचे ते दुर्मिळ किडे स्लाइडसाठी रंगवताना त्यांच्याच हातून खराब झाले, आणि ते त्यांनी मनाला फार लावून घेतलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. कारण ते किडे तुमच्या हातून खराब झाले नव्हते. ते माझ्यामुळं गेले, आणि हे तुम्हालासुद्धा माहीत नव्हतं.

सभा सुटल्यावर मी प्राचार्यांना गेटापाशी गाठलं. म्हणालो, "सर, ते किडे मॅडमच्या हातून न्हाई गेले. चूक माझी व्हती." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शेषराव, मोठं मन आहे तुमचं. पण आता गेलेल्या माणसाचं काय, जाऊ द्या." आणि गाडीत बसले. मोठं मन म्हणे! आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेलो, तर हा माणूस माझा सत्कार करून निघून गेला.

मॅडम, तुम्हाला पहिला दिवस आठवतो का? मी प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो होतो. काचा पुसायच्या, बाटल्या भरायच्या, तळ्यातलं पाणी आणायचं, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. तुम्ही माझ्या हातात एक वॉचग्लास ठेवलात, ती वाटीसारखी खोलगट काच. तिच्यात नखाएवढा चपटा, तपकिरी प्राणी सरकत होता. डोकं बाणासारखं, वर दोन चकणे डोळे. मी म्हणालो, "जळवाचं पिल्लू हाय." तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की शेजारच्या वर्गातून दोन प्राध्यापक डोकावले. "प्लॅनेरिया म्हणतात याला. आजपासून हाच तुमचा धनी." आता गावाकडं, गोरेगावला, आमच्या घरात तीन पिढ्या महादेवाची पूजा, माझा धनी तर जन्मतःच ठरलेला. पण मी वाद घातला नाही. नोकरी नवी होती.

वाद पुढच्या महिन्यात सुरू झाले. प्राणी रंगवायचा तर आधी मारावा लागतो. आणि मारण्याच्या आधी पाण्यावर पिपरमिंटचे खडे टाकून त्याला झोपवावं लागतं, नाहीतर तो आखडतो आणि त्याची नुसती गोळी होते. मी सांगितलं, सोमवारी मी हे करणार नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "शेषराव, तुमचा महादेव फक्त सोमवारीच बघतो का?" मी म्हणालो, "बाकी दिवस त्यो तुमच्याकडं बघून राहिला मॅडम, माझा नंबर सोमवारीच लागतो." तुम्ही डस्टर फेकून मारलंत, आणि नेम चुकला. पण पुढच्या आठवड्यापासून सोमवारचं ते काम मंगळवारवर गेलं, ते कायमचं गेलं. देव तुम्ही मानला नाहीत, माझा सोमवार मात्र शेवटपर्यंत मानलात. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आज हात जोडतो.

हळदीचा वाद तर अजून मिटलेला नाही. आपण वापरायचो तो लाल रंग, कार्मिन, तोही एका किड्यापासूनच काढतात. हे तुम्ही दरवर्षी वर्गात सांगायचात आणि दरवर्षी एखादी पोरगी "शी!" करायची. एका वर्षी कार्मिन संपलं आणि मागणीचा कागद वर कुठंतरी अडकून पडला. मी म्हणालो, "वसमतमध्ये राहून रंगासाठी कुणाच्या तोंडाकडं काहून बघायचं? मोंढ्यातून हळद आणतो. तिच्यात टाकणखार पडला की लाल होती." तुम्ही म्हणालात, "हे प्राणीशास्त्र आहे, हळदीकुंकू नाही." तरी आपण करून बघितलंच. पाण्यातल्या त्या टिंबाएवढ्या पिसवा काय रंगल्या! विटकरी, देखण्या. तुम्ही पोरांना बोलावून बोलावून दाखवल्यात. पंधरा दिवसांत सगळ्या फिक्या पडल्या. तुम्ही म्हणालात, "बघा." मी म्हणालो, "उन्हाच्या खिडकीत ठिवल्या कुणी?" त्यावर तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. कपाटात ठेवल्या असत्या तर टिकल्या असत्या, हे मी आजही म्हणतो. आता भांडायला तुम्ही नाहीत, म्हणून जिंकलो असं मी समजणार नाही.

तुम्ही रागीट होता, मॅडम. मीही काही कमी नव्हतो. आपलं भांडण ऐकून नवीन लागलेल्या प्राध्यापकांना वाटायचं, आज यांच्यातला एक जण राजीनामा देणार. संध्याकाळी आपण दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचो.

मग तुमची साखर वाढली आणि डोळ्यांत उतरली. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. कळलं असतं तर प्रयोगशाळा दुसऱ्याच्या ताब्यात गेली असती, आणि त्या खोलीशिवाय तुम्हाला दुसरं काही नव्हतं. मला कळलं ते असं. एका पोरानं रंग पार घालवून टाकलेला, पांढरा फटक प्राणी आणून दाखवला, आणि तुम्ही म्हणालात, "छान उतरलाय रंग." आकार तुम्हाला बराबर दिसत होता, लाल रंग दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी बाटल्यांच्या मानेला दोरा गुंडाळला. साध्या स्पिरिटच्या बाटलीला एक वेढा, ॲसिडच्या बाटलीला दोन, रंगाच्या बाटलीला तीन. तुम्ही बोट फिरवलंत आणि थांबलात. "दोरा कशाला?" "बाटली हातातून निसटती मॅडम." "बरं केलंत." यापुढं या विषयावर आपण कधी एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं होतं, हे मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून नवीन पद्धत सुरू झाली. प्राणी रात्रभर रंगात मुरला की सगळाच काळपट होतो, आतलं काही दिसत नाही. मग स्पिरिटमध्ये ॲसिडचे थोडे थेंब टाकून जास्तीचा रंग उतरवायचा. खरी कसोटी इथं असते. घड्याळाचा उपयोग नाही, डोळ्यानंच ठरवावं लागतं. वेळेवर थांबवलं तर आतडं, गळ्याची नळी, अंड्यांच्या पिशव्या सगळं वेगवेगळं उमटतं. उशीर झाला की कारभार संपला. तुम्ही मान न उचलता विचारायचात, "शेषराव, कुठवर आला?" जणू माझी परीक्षा घेताय. इंग्रजी छटा मला येत नव्हत्या, मग मी आपला बाजार सांगायचो. वांगं. बीट. बीट सरत आलं. डाळिंब! डाळिंबाच्या दाण्यावर आलं की तुम्ही झटकन ब्रशनं प्राणी उचलून साध्या स्पिरिटात टाकायचात, आणि तो रंग तिथंच थांबायचा. हात एवढा स्थिर की पाणी हलायचं नाही. डोळा माझा आणि हात तुमचा, असं आपण सहा वर्षं काम केलं. कुणाला पत्ता लागला नाही. बाहेरचे परीक्षक यायचे आणि विचारायचे, मॅडम, असा रंग आमच्याकडं का येत नाही? तुम्ही म्हणायचात, "आमचं पाणी चांगलं आहे." आणि माझ्याकडं बघायचं टाळायचात. तेवढं मला पुरायचं.

मग सिद्धेश्वर आलं. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी बंद झालं की धरणाच्या खालच्या अंगाला एक डबकं उरायचं. आपण एसटीनं औंढ्याला आणि तिथून जीपनं जायचो. तुम्ही छत्री घेऊन काठावर बसायचात, मी गुडघाभर पाण्यात दगड उलटे करायचो. त्या वर्षी एका दगडाखाली ते मिळाले. दिसायला साधे प्लॅनेरिया, जरा लांबट. प्रयोगशाळेत आणून तुम्ही भिंगाखाली धरलेत आणि परत परत बघत राहिलात. नेहमीच्या प्लॅनेरियाला पोटाच्या मध्यावर गळ्याची एकच नळी असते. यांना एकाहून जास्त दिसत होत्या. "शेषराव, हे आपल्या पुस्तकात नाही." पुण्याच्या एका जाणकारांना तुम्ही पत्र लिहिलंत. त्यांचं उत्तर आलं, रंगवलेल्या चांगल्या स्लाइड पाठवा, मग बोलू. एकूण चौदा किडे होते. आठवडाभर त्यांना उपाशी ठेवलं, आतडं रिकामं व्हावं म्हणून. तुम्ही स्वतः जेवला होता का, कोण जाणे.

आता तो बुधवार सांगतो. सकाळी तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. तुम्ही एक स्लाइड उजेडात धरलीत. काचेवर डाग होता. सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "इतक्या वर्षांत काच पुसायची अक्कल नाही आली? घरी देवाचं ताम्हणही असंच पुसता का?" पोरं फिदीफिदी हसली. तो डाग तुमच्याच अंगठ्याचा होता, मॅडम. मला दिसत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं. ते मी सांगू शकत नव्हतो, कारण सांगितलं असतं तर तुमच्या डोळ्यांचं बिंग पोरांसमोर फुटलं असतं. म्हणून गिळलं. पण देवाचं ताम्हण माझ्या काळजात रुतून बसलं.

दुपारी पोरं गेली. तुम्ही चौदा किडे रंगातून काढलेत, स्पिरिटमध्ये ॲसिड टाकलंत आणि त्यांना आत सोडलंत. मी तुमच्याकडं पाठ करून मोरीत चंचुपात्रं घासत होतो, उगाच आदळआपट करत. तुम्ही विचारलंत, "शेषराव, कुठवर आला?"

मी न वळता म्हणालो, "अजून गडद हाय."

थोड्या वेळानं, "आता?"

"अजून गडद हाय."

मी बघितलंच नव्हतं. मनात म्हणत होतो, विचारू दे, दहादा विचारू दे, शेषरावावाचून अडतंय ते कळू दे एकदा. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंत ते फार हळू. "शेषराव, बघता का जरा?" तेव्हा मी हात पुसून आलो. काचेत भाताची शितं पडावीत तसे चौदा किडे पांढरे झाले होते. बीट गेलं, डाळिंब गेलं, काहीच उरलं नव्हतं.

तिथंच पायावर डोकं ठेवायला पाहिजे होतं. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात, डस्टर मारलं असतंत, आठ दिवस बोलला नसतात, आणि मग चहा मागवला असतात. पण माझ्या तोंडातून निघालं ते हे: "मॅडम, तुमच्या हातून आसिड जास्त पडलं जणू."

तुम्ही बाटली उचललीत. दोऱ्यावरून बोट फिरवलंत. खाली ठेवलीत. "पडलं असेल," म्हणालात.

आपण ते परत रंगात टाकले. रंग वरच्या वर डागाडागांनी बसला, आतलं काही उमटेना, आणि ॲसिडात फार वेळ राहिलेले ते जीव ब्रश लागला की तुटायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटा सिद्धेश्वरला गेलो. कालव्याचं काम निघालं होतं, डबक्याच्या जागी सिमेंट होतं. मी वर-खाली दोन मैल दगड उलटे केले. साधे प्लॅनेरिया मिळाले, ते मिळाले नाहीत. तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही नुसती मान हलवलीत. त्याआधीच तुम्ही ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाला होता, "माझा हात गेला, शेषराव." दोन वर्षं नोकरी शिल्लक असताना तुम्ही घरी बसलात.

सात दिवाळ्या मी तुमच्या घरी आलो. घरून निघताना ठरवून यायचो, आज सांगायचंच. एकदा तर कप खाली ठेवून म्हणालोही, "मॅडम, एक सांगायचं व्हतं." तुम्ही म्हणालात, "सांगा." मी म्हणालो, "यंदा कालव्याला पाणी लवकर सुटलं." तुम्ही म्हणालात, "बरं झालं, लोकांचे गहू होतील." आणि चिवडा पुढं केलात. तो चिवडा मी खाल्ला, मॅडम. सात वर्षं खाल्ला.

आज सकाळी पुन्हा तुमच्या घरी गेलो. तुमच्या मोठ्या बहीण, प्रमिलाताई, एकट्याच होत्या. तुमची खुर्ची खिडकीपाशीच आहे. मी खाली बसलो आणि तो बुधवार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. डाग, ताम्हण, मोरी, सगळं. गॅसवर चहा उतू गेला तरी ताई उठल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "मला काहून सांगून राहिले, शेषराव? ती सात वर्षं या खुर्चीत बसून होती. तिला सांगायचं ना."

मी म्हणालो, "हिंमत न्हाई झाली, ताई."

त्या उठल्या, गॅस बंद केला. मला वाटलं आता जा म्हणतील. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे असायचे तिला, दिवसातून तीनदा. बाटली जवळ ठेवून माझी वाट बघत बसायची. मी बाजारातून येईपर्यंत तशीच बसून राहायची. मी म्हणायची, अगं, एक थेंब तर टाकायचाय, टाक की. तर म्हणायची, नको अक्का, माझ्या हातून जास्त पडतं."

मी तिथून कसा उठलो ते मला माहीत नाही. चप्पल घालायची राहिली होती, ताईंनी मागून आवाज दिला.

प्राचार्यांना सांगून झालं, ताईंना सांगून झालं. ज्यांना सांगायचं होतं त्यांनाच सांगायचं राहिलं, म्हणून आता हा कागद घेऊन प्रयोगशाळेत बसलो आहे. मॅडम, तुमचा हात गेला नव्हता. त्या बुधवारी तुम्ही ॲसिडचे थेंब मोठ्यानं मोजत होता. मी पाठ करून उभा होतो, पण प्रत्येक आकडा ऐकत होतो. दहा टाकायचे होते. तुम्ही दहाच टाकले.